आमच्या तळ्यांतील परके मासे

(आकाशवाणीवरील भाषण)



आषाढ-श्रावणांत मुळशीचें पाणी पाहावयास पुण्याहून पुष्कळ मंडळी आमच्या बाजूस येते. धरणाची भिंत, डोंगरावरून उतरणारे धबधबे आणि दूरवर पसरलेलें पाणी पाहून ती संतुष्ट होते, भाजलेलें कणीस खाते आणि दिवेलागणीच्या आंत परत जाते. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु पाणी ही केवळ पाहावयाची वस्तु नव्हे; तें एक गांव आहे. त्यांत घरें आहेत, वाटा आहेत, वडीलधारीं आहेत आणि तान्हीं मुलेंही आहेत. त्या गांवांत गेल्या साठसत्तर वर्षांत परकी वस्ती येऊन राहिली, आणि तिच्या येण्यानें मूळच्या रहिवाशांच्या पोराबाळांचे काय हाल झाले, एवढीच गोष्ट आज मला सांगावयाची आहे.

मी मुळशी तालुक्यांतील रिहे गांवचा. मॅट्रिकच्या पलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं. उभा जन्म खेड्यांतील मुलांना शिकविण्यांत गेला. तेव्हां मत्स्यशास्त्रावर अधिकारवाणीनें बोलावें अशी माझी योग्यता नाहीं. मात्र शास्त्रज्ञांनीं लिहून ठेवलेलें वाचावें आणि ओढ्यावर जाऊन तें डोळ्यांनीं ताडून पाहावें, एवढा नाद मला पूर्वींपासून आहे; सेवानिवृत्तीनंतर त्यास वेळही भरपूर मिळतो.

प्रथम या पाण्याचा थोडा पूर्वेतिहास सांगतों. मुळा व निळा या नद्यांचें पाणी अडवून टाटा कंपनीनें मुळशीचें धरण बांधलें. १९२१ सालच्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल रोजीं, मावळ्यांनीं धरणाच्या जागेवर जो सत्याग्रह आरंभिला व ज्यांतून पांडुरंग महादेव बापट हे सेनापति बापट झाले, तो आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. लढा १९२४ पर्यंत चालला. गांवें पाण्याखालीं गेलीं तीं गेलींच. पाणी डोंगराच्या पोटांतून पश्चिमेस, कोंकणांत भिऱ्याच्या वीजघराकडे वळविलें गेलें. माणसांच्या त्या हालअपेष्टांची कथा अनेकांनीं सांगितली आहे. माझें म्हणणें इतकेंच, कीं त्या वेळीं माशांचाही गांव बुडाला. खळाळत्या पाण्यांत, गोट्यांच्या तळावर अंडीं घालणाऱ्या माशास संथ, खोल आणि गाळाचें पाणी मिळालें. पावसाच्या आरंभीं वर चढून जाण्याची त्याची वाट भिंतीनें अडविली. म्हणून पुढें मी परक्या माशांविषयीं जें बोलणार आहें, त्यावरून सगळें पाप त्यांचेंच असें कोणीं समजूं नये. भिंती, गांवोगांवचें सांडपाणी आणि सुरुंगाची दारू लावून मासे मारणारे लोक, हे तिघे त्यांच्या आधीं उभे आहेत. पाहुणा आला तो आजारी घरांत आला, असें म्हटलें म्हणजे यथार्थ होईल.

आतां मूळचे रहिवासी कोण होते, हें आपणांस एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यामुळें बरेंच नीट ठाऊक आहे. कर्नल साइक्स या गृहस्थास मुंबई सरकारनें १८२४ मध्यें दख्खनची पाहणी करण्यास नेमलें. लोकसंख्या, पिकें, हवामान यांबरोबरच त्यांनीं मुळा-मुठा, भीमा, इंद्रायणी, घोडनदी यांतील मासे गोळा केले, आणि त्यांचीं वर्णनें १८३९ व १८४१ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झालीं. यांतील गंमत अशी, कीं नव्या माशास लॅटिन नांव देण्याची वेळ आली तेव्हां साइक्ससाहेबांनीं कित्येक ठिकाणीं आपल्या भोयांकडून व कोळ्यांकडून ऐकलेलें मराठी नांवच पुढें ठेवून दिलें. खुद्री, कोळूस, नुकता, फुलंगी, पोटील हे आपले शब्द आज जगांतील प्रत्येक संग्रहालयांत बरणीवरील चिठ्ठीवर लॅटिन लिपींत लिहिलेले आढळतात. नाकावर दोन शिंगांसारखे उंचवटे असलेला नुकता पुण्याच्या आसपास आज क्वचितच कोणास दिसतो. त्याचें नांव मात्र शाबूत आहे. पुढें १९४२ मध्यें फ्रेझर नांवाच्या अभ्यासकानें मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकांत पुण्याच्या माशांची यादी दिली. पुण्यांतील संशोधकांनीं अशा जुन्या याद्या हातीं घेऊन त्याच नद्या पुन्हां धुंडाळल्या व २००३ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या यादींतील कित्येक नांवांपुढें त्यांस फुली मारावी लागली, आणि साइक्स व फ्रेझर यांनीं ज्यांचें नांवही ऐकलें नसतें असे मासे यादींत नव्यानें घालावे लागले.

हे नवे मासे जुन्यांस मारतात तरी कसे? आपल्या मनांत लगेच मात्स्यन्याय येतो: मोठा मासा लहानास गिळतो. तसें कांहीं ठिकाणीं होतें खरें. पण तळ्यांतील बहुतेक भांडण याहून निराळें असतें, आणि तें पाहावयाचें तर माशाच्या पिलाकडे पाहिलें पाहिजे.

अंड्यांतून बाहेर पडलेलें पिलूं तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतें. अंगांतून आरपार दिसावें इतकें पारदर्शक. त्याला धड तोंडही उघडतां येत नाहीं. पोटाशीं बलकाची एक पिशवी असते, तीच त्याची शिदोरी. ती दोनतीन दिवस पुरते. ती संपण्याच्या आंत तोंड उघडलें पाहिजे आणि त्या तोंडांत मावेल असें कांहीं समोर आलें पाहिजे. तें काय? पाण्यांत तरंगणारे, साध्या डोळ्यांस न दिसणारे जीव. नंतर किंचित् मोठे झाल्यावर पाणपिसवा आणि त्यांचे भाऊबंद. या तरंगत्या जीवसृष्टीस शास्त्रज्ञ प्लवक म्हणतात. त्यांतील वनस्पतिरूप प्लवकांवर प्राणिरूप प्लवक जगतात, प्राणिरूप प्लवकांवर पिलें जगतात, पिलांवर शिंगट्यासारखे मासे, त्यांवर मरळ, मरळीवर पाणमांजर किंवा आपण. पुस्तकांत यास अन्नसाखळी म्हणतात. पण साखळी हा शब्द मला पटत नाहीं. साखळीची एक कडी एकीसच लागलेली असते. येथें प्रत्येक जण दहा जणांशीं बांधलेला, म्हणून जाळें म्हणणेंच योग्य. शिदोरी संपल्यावर पिलास कांहीं दिवस पोटास मिळालें नाहीं, तर मागाहून पंचपक्वान्नें वाढून ठेवलीं तरी उपयोग नसतो. खाण्याची ताकदच संपलेली असते. लाखों पिलांपैकीं बहुतेक या पहिल्या पंधरवड्यांतच मरतात. कोणी गिळल्यामुळें जितकीं, तितकींच उपाशी राहिल्यामुळें.

म्हणूनच मूळच्या माशांनीं आपल्या मुलांच्या जन्माची वेळ फार विचारानें निवडलेली आहे, असें वाटतें. अर्थात् विचार त्यांचा नव्हे, हजारों पिढ्यांच्या निवडीचा. आमच्या रिहे खोऱ्याचें पाणी ओढ्या-नाल्यांनीं मुळेस मिळतें. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला कीं ओढे लाल होतात, आणि नदींतील मासे पाण्याच्या धारेविरुद्ध वर चढूं लागतात. यांना आमच्याकडे चढणीचे मासे म्हणतात. मळे, खवली, शिंगटी, वांब अशी ही वरात भातखाचरांच्या बांधापर्यंत येते. खाचरांतील पाणी वीतभर खोल, उन्हानें कोमट. त्यांत पाल्यापाचोळ्याचें, शेणखताचें सत्त्व उतरलेलें. चारपांच दिवसांत त्यांत प्लवकांचा सुकाळ होतो. नेमकीं त्याच वेळीं पिलें अंड्यांतून बाहेर येतात. पंगत वाढून तयार, आणि त्याच घटकेस पाहुणे पाटावर! दोन आठवडे इकडेतिकडे झाले तर सगळें व्यर्थ. (चढणीचे मासे अंड्यांनीं भरलेले असतांनाच आम्ही ते टोपल्यांनीं पकडून खातों, ही गोष्ट खरी; आणि ती परक्या माशांच्या खात्यावर घालतां येणार नाहीं.)

आतां या व्यवस्थेंत चिलापी आली म्हणजे काय होतें तें पाहूं.

चिलापी, अथवा शास्त्रांतील तिलापिया, ही मूळची आफ्रिकेची. तिची मोझांबिकची जात १९५२ मध्यें हिंदुस्थानांत आणली गेली. हेतु चांगला होता: अन्नाचा तुटवडा होता आणि हा मासा कोठेंही, कांहींही खाऊन वाढतो. तो धोकाही लवकरच ध्यानांत आला, आणि १९५९ मध्यें तज्ज्ञांच्या समितीनें तिच्या प्रसारावर निर्बंध सुचविले. पण तोंपर्यंत ती तळ्यांतून तळ्यांत गेली होती. नंतर नाईल नदीची तिची मोठी बहीणही आली.

चिलापीचें गृहस्थजीवन पाहण्यासारखें आहे. नर तळाच्या वाळूंत थाळीएवढा खळगा करतो व त्यावर पहारा देतो. मादी त्यांत अंडीं घालते आणि तीं लगेच स्वतःच्या तोंडांत घेते. दहाबारा दिवस अंडीं तिच्या तोंडांतच उबतात. तेवढे दिवस ती बहुधा अन्नास शिवत नाहीं. पिलें बाहेर पडल्यावरही संकट दिसलें कीं सगळीं धांवत येऊन आईच्या जबड्यांत शिरतात. आईपणांत या मासळीस कोणी नांव ठेवूं शकणार नाहीं. आपला खवल्यांचा मासा लाखांनीं अंडीं घालतो आणि नशिबावर सोडून निघून जातो. ही शेंकड्यांनींच घालते, पण त्यांतील बहुतेक जगविते. शिवाय दोनतीन महिन्यांत तिची मुलगी वयांत येते, आणि कडाक्याची थंडी सोडली तर वर्षांत अनेक वेळां हा संसार चालतो.

याचा परिणाम असा. जूनमध्यें आपल्या माशांचीं केसाएवढीं पिलें भुकेलेलीं बाहेर येतात, तेव्हां तळ्यांत चिलापीचीं फेब्रुवारी-मार्चमधील पोरें बोटाएवढीं होऊन बसलेलीं असतात. पाणपिसवा त्यांनीं आधींच फस्त केलेल्या असतात. पंगत उठून गेली आहे आणि पत्रावळी तेवढ्या पडल्या आहेत, अशी आपल्या पिलांची स्थिति होते. त्यांतच तीं पोरें जमल्यास अंडींही खातात, आणि अगदीं बारीक पिलेंही खातात. पाणपिसवा गेल्या म्हणजे हिरवें सूक्ष्म शेवाळ खाणारें कोणी उरत नाहीं. तें माजतें आणि पाणी हिरवेंगार होतें. गांवकरी म्हणतात, पाणी नासलें. नासलें खरें, पण वरून कोणीं घाण टाकली म्हणूनच असें नव्हे. आंतील एक धागा तुटला म्हणूनही. शेवटीं दाटी फार झाली कीं चिलापीही वाढत नाहीं. तळहाताएवढी, कांट्यांची, बाजारांत भाव नसलेली चिलापी तळेंभर होते, आणि त्याच आकारांत तिला अंडीं होऊं लागतात.

मरळीचें उदाहरण अधिक बोलकें आहे. मरळ हा आपल्या तळ्यांतील वाघ. पण याचींही पिलें असतात, आणि तीं तांबूस रंगाचीं, झुबक्यानें फिरणारीं असतात. खालीं नर-मादी राखण करीत असतात. कोळ्यास तो तांबडा झुबका दुरून दिसतो, आणि पिलांखालीं आईबाप हमखास आहेत हें त्यास ठाऊक असतें. आईबाप गळास लागले कीं घटकाभरांत तो झुबका नाहींसा होतो. लहान माशांचे थवे येऊन फडशा पाडतात. मोठी मरळ भरपूर होती तोंपर्यंत ती या थव्यांस वचकांत ठेवीत असे, म्हणजे आपल्या मुलांचे शत्रु तीच कमी करीत असे. ती कमी झाली, तिचें भक्ष्य वाढलें. आणि वाढलेलें भक्ष्य तिच्या मुलांस वाढूं देईना. येथें लहान मासा मोठ्यास खातो, मात्र तो मोठा होण्यापूर्वीं.

शाळेंत असतांना मीं एक वही ठेवली होती. जूनमध्यें शाळा उघडली कीं मुलें डब्यांतून, बाटलींतून मासे आणीत. कोठें सांपडला, घरीं त्यास काय म्हणतात, हें मी लिहून घेत असें व मासा परत ओढ्यांत सोडावयास लावीत असें. (तो खरोखर सोडला जाई कीं तव्यावर जाई, याची चौकशी मीं कधीं केली नाहीं.) पहिल्या पानांवर मळे, मुरे, खवली, शिंगटी, झिंगे, वांब, मरळ अशीं नांवें आहेत, एकाच माशास दोन वाड्यांत दोन नांवें, म्हणून भांडणेंही आहेत. पुढें एका पानावर एका मुलानें आणलेला काळसर मासा आहे, पाठीवर कांट्यांची रांग असलेला. वर्गांत त्याचें नांव कोणासही सांगतां येईना. शेवटीं कातकरवाडींतील एका मुलानें सांगितलें, ‘गुरुजी, ही चिलाप. माझ्या बापानें धरणावर पाहिली आहे.’ त्यानंतरच्या पानांत हें नांव दरवर्षीं आहे, आणि कांहीं जुनीं नांवें नंतर आलेलींच नाहींत. या वहीस शास्त्रीय पुरावा म्हणतां येणार नाहीं. मुलें जेथें सोपें पडेल तेथेंच मासे धरतात. परंतु ज्या माशास गांवांत नांवच नव्हतें त्यास नांव मिळालें, आणि ज्यांस नांव होतें त्यांस तें लावावयास कोणी उरलें नाहीं, हें मीं त्या वहींत घडतांना पाहिलें.

चिलापी एकटी नाहीं. सायप्रिनस नांवाचा मासा १९३९ मध्यें सिलोनहून उटकमंडास आणला, आणि त्याची दुसरी जात १९५७ मध्यें बँकॉकहून आली. त्याला डुकराप्रमाणें तळ उकरून खाण्याची खोड आहे. गाळ ढवळला जातो, पाणवनस्पती उपटल्या जातात, आणि ज्या पानांच्या आडोशास इतर पिलें लपत तो आडोसाच जातो. काश्मीरच्या सरोवरांत तेथील मूळच्या माशांचें नष्टचर्य ओढवलें त्यांत याचा हात आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून १९२८ मध्यें गॅम्बुशिया आणला. गप्पी मासा तर आपल्या नगरपालिकांनीं घरोघरच्या हौदांत नेऊन सोडला. हौदांत तो ठीक आहे. ओढ्यांत सुटला कीं अळी आणि दुसऱ्याचें पिलूं यांत तो भेद करीत नाहीं. आणि आपल्या ओढ्यांत डासांच्या अळ्या खाणारे देशी लहान मासे आधींपासून होतेच. आफ्रिकेचा मांगूर चोरवाटेनें आला. सरकारनें २००० मध्यें त्याच्या पैदाशीस बंदी केली, पुढें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें साठे नष्ट करण्यास सांगितलें, तरी छापे घालण्याच्या बातम्या अजून वाचावयास मिळतात. बाहेरची हवा घेऊन तो चिखलांतही जगतो. त्याविषयीं अधिक बोलावयाचें कारण नाहीं. त्याचा बचाव कोणी करीत नाहीं. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडील मासे मात्र इतके घरचे झाले आहेत, कीं ते कृष्णा-भीमेच्या खोऱ्यांत पाहुणे आहेत हें सांगितलें तर कोळीही आश्चर्य करतो.

आणि शहरांतील श्रोत्यांशीं ज्याचा सरळ संबंध आहे तो सकर मासा. कांचेच्या पेटींतील शेवाळ चाटून साफ करतो म्हणून आपण तो दुकानांतून आणतां. तो वाढतो, पेटीस मोठा होतो, त्याला मारणें जिवावर येतें. मग एखाद्या रविवारीं मुलांना बरोबर घेऊन त्यास तळ्यांत ‘मुक्त’ केलें जातें. करुणा खरी असते. पण उजनीच्या जलाशयांत आज हाच दक्षिण अमेरिकेचा मासा कोळ्यांच्या जाळ्यांत येतो. त्याच्या कांट्यांनीं जाळें फाटतें, खवल्यांच्या चिलखतामुळें त्यास कोणी विकत घेत नाहीं, आणि तळावरचीं अंडीं तो शेवाळाबरोबर चाटून नेतो. ज्यास जगविलें तें एक होतें. ज्यांचीं अंडीं गेलीं त्यांची मोजदाद कोण करणार?

हें संकट आपलेंच आहे असें नाहीं. आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवरांत १९५० नंतरच्या दशकांत नाईलचा मोठा पर्च मासा सोडला. पंचवीस-तीस वर्षें विशेष कांहीं दिसलें नाहीं. मग १९८० नंतर एकाएकीं त्याची संख्या भडकली, आणि त्या सरोवराखेरीज जगांत कोठेंही नसलेल्या शेंकडों लहान जातींपैकीं कदाचित् निम्म्याहून अधिक दिसेनाशा झाल्या. अमेरिकेंतील मिशिगन सरोवराची कथा मला त्याहून विचार करण्यासारखी वाटते. तेथें समुद्रांतून कालव्यांच्या वाटेनें एलवाइफ नांवाचा हेरिंगसारखा लहानसा मासा शिरला. त्यानें तेथील ट्राउट माशांचीं पिलें तर खाल्लींच. पण मोठ्या ट्राउटनें एलवाइफ खाल्ला, तरीही नुकसान ट्राउटचेंच झालें! कारण एलवाइफच्या अंगांत एक द्रव्य आहे, तें ब जीवनसत्त्वाचा पहिला प्रकार नष्ट करतें. आईच्या आहारांत तें जीवनसत्त्व उरलें नाहीं म्हणजे अंड्यांतही उतरत नाहीं. पिलें बाहेर पडतात, चक्कर आल्यासारखीं फिरतात आणि मरतात. आईनें काय खाल्लें यावर बाळाचें आयुष्य अवलंबून असतें, हें आमच्या आज्या सांगत आल्या. माशांसही तो नियम सुटलेला नाहीं. त्याच प्रदेशांत १९८८ मध्यें यूरोपांतील पट्टेदार शिंपला प्रथम आढळला, मागोमाग त्याची दुसरी जात आली. हे शिंपले पाणी गाळून प्लवक खातात. पाणी आरशासारखें स्वच्छ झालें. फिरावयास आलेले लोक खूष झाले. पिलांच्या दृष्टीनें मात्र तें स्वच्छ पाणी म्हणजे घासूनपुसून ठेवलेलें रिकामें ताट होतें. हिरवें पाणी वाईट आणि नितळ पाणी चांगलें, हा आपला समज किती वरवरचा आहे पाहा.

आतांपर्यंत ऐकून आपणांस वाटेल, कीं परका तो दुष्ट आणि आपला तो साधु. तसें नाहीं, आणि त्याचा दाखला आपल्याच घरचा आहे.

साइक्ससाहेबांचा खुद्री, म्हणजे आपला महासीर, ज्यास इकडे खडस म्हणतात, तो आमच्या नद्यांचा राजा. देहूच्या डोहांत इंद्रायणींत त्यास देवमासा म्हणून कोणी हात लावीत नसे. धरणांमुळें तो कमी होऊं लागला, तेव्हां टाटा कंपनीनेंच लोणावळ्यास वळवणच्या तलावाशीं १९७० च्या सुमारास त्याची कृत्रिम पैदास सुरू केली. मादीचीं अंडीं हातानें काढून, फलित करून, वाहत्या पाण्याच्या ताटांत उबवून लाखों पिलें वाढविलीं. ही कामगिरी खरोखर गौरवास्पद होती व आजही आहे. तीं पिलें देशभर पाठविलीं गेलीं. त्यांतील कांहीं दक्षिणेस कावेरींत सोडलीं.

कावेरींत तिचा स्वतःचा महासीर होता: पाठीवर कुबड असलेला, पन्नास किलोपर्यंत वाढणारा, जगांतील सर्वांत मोठ्या महासीरांपैकीं एक. गळानें मासे धरून परत सोडणाऱ्या हौशी लोकांनीं १९९८ पासून ज्या नोंदी ठेवल्या होत्या त्या शास्त्रज्ञांनीं तपासल्या, आणि २०१५ मध्यें असें दाखविलें, कीं आमचा निळसर परांचा खडस तेथें वाढत गेला आणि कुबड्या महासीर घटत गेला. त्याचीं लहान पिलें तर जवळजवळ दिसेनाशीं झालीं. म्हातारे राहिले, मुलें नाहींत. गंमत अशी, कीं त्या प्रचंड माशास धड शास्त्रीय नांवही लागलेलें नव्हतें. तें २०१८ मध्यें निश्चित झालें आणि त्याच वर्षीं त्यास अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत घालावें लागलें. त्या नदीवरही धरणें आहेत, वाळूउपसा आहे. सर्व दोष खडसावर नाहीं. तरी मुळेंत जो संकटांत म्हणून आपण हळहळतों, तोच कावेरींत चिलापीच्या जागीं उभा आहे. मासा तोच, पाणी निराळें.

एक बाजू राहिली, ती न सांगणें अन्यायाचें होईल. उजनीच्या कांठीं आज हजारों कुटुंबें मासेमारीवर जगतात, आणि त्यांच्या टोपलींत चिलापीच अधिक असते. आमच्याकडील कातकरी बाईस खडस परवडत नाहीं. पौडच्या बाजारांतून ती चिलापीच नेते आणि तिच्या मुलाच्या भाकरीबरोबर तेवढेंच कालवण असतें. सायंकाळीं पंख्याखालीं बसून चिलापीस शिव्या देणें मला सोपें आहे. पण ज्या बंदिस्त शेततळ्यांतून मासा नदींत जाऊं शकत नाहीं तेथें, परवाना घेऊन, केवळ नर चिलापी वाढविण्याची सोय आहे. त्यास माझा मुळींच विरोध नाहीं. विरोध आहे तो पोतीं भरून आणलेलें बीज कोणतें हें न पाहतां, पहिल्या पुरांत भरून वाहणाऱ्या पाझरतलावांत ओतण्यास. आमच्या गांवांतही दर उन्हाळ्यांत हा वाद होतो. ‘एकदां टाकलें कीं पुन्हां बीज विकत घ्यावें लागत नाहीं,’ हें तिच्या बाजूचें सर्वांत मोठें कारण म्हणून सांगितलें जातें. आणि नेमकें तेंच मला भीतीचें कारण वाटतें.

मुळशीसारख्या मोठ्या जलाशयांतून एकदां शिरलेला मासा वेंचून काढणें आतां कोणासही शक्य नाहीं. विष घालावें तर सगळेच मरतील. जाळीं टाकावीं तर आधीं मरळ सांपडते. लहान तळ्यांची गोष्ट निराळी. कातरखडकाच्या धरणांत पाणी टिकतें, पण आमच्या खोऱ्यांतील पुष्कळ पाझरतलाव वैशाखांत आटतात. तळाच्या चिखलास भेगा पडतात, गुरें त्यांतून चालत पलीकडे जातात, आणि अडकलेली चिलापी बगळे व कावळे चारआठ दिवसांत संपवितात. मरळ आणि वांब चिखलांत खोल जाऊन कशीबशी तग धरतात. मग मृग लागतो, ओढा सांडव्यापर्यंत येतो. ज्या तळ्यांत त्या वर्षीं कोणीं बादली रिकामी केली नसेल, त्याच्या सांडव्याखालीं रात्रीं कंदील घेऊन उभें राहिलें, तर चढणीचे मळे दगडावरून उड्या घेत वर येतांना अजून दिसतात.